एकटीचा गट

२ फेब्रुवारी, सोमवार

साबण पुरवणाऱ्या कंपनीने मुकादमाला डायऱ्या दिल्या, त्याने त्या लाँड्रीत वाटल्या. बाकीच्या बायका त्या घरी नेऊन पोरांना रेघोट्या ओढायला देणार. मी लिहिणार. चौथीतून शाळा सुटली तरी माझं अक्षर मुकादमापेक्षा बरं आहे. फुकटची वस्तू वाया जाऊ नये एवढाच हेतू. मनातलं सांगायला कुणी नाही वगैरे तसलं काही नाही.

निश्चय: रोज लिहायचं.

३ फेब्रुवारी

काही झालं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

काल लिहायला वेळ नव्हता.

आज जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरून दोघं जण खाली आमच्या लाँड्रीत आले. एक चष्मेवाले प्रोफेसर आणि एक किडकिडीत पोरगी, तिच्या गळ्यात मापाची टेप. व्यायामावर संशोधन करतात म्हणे. पन्नाशीच्या आसपासच्या, दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या बायका त्यांना हव्यात. पायाचे स्नायू दमले की माणसाचा तोल जातो, आणि दमलेला स्नायू परत ताळ्यावर यायला किती वेळ घेतो, ते मोजायचंय.

मी विचारलं, मोजल्यावर काय, आमची दमणूक कमी होणार का. चष्मेवाले चष्मा पुसायला लागले. पोरगी हसली आणि म्हणाली, मावशी, आधी मोजू तर द्या. तिचं नाव मी मापाडी ठेवलं.

मी सही केली. यांना माझ्यासारखी एकही मिळाली नसती तर संशोधन बुडालं असतं. माझ्याआधी टॉवेलच्या टेबलावरच्या उंच बाईने, म्हणजे लांबीने, सही केली होती हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर पेन हातात धरलं नसतं.

६ फेब्रुवारी

लांबीबद्दल एकदा लिहून टाकते म्हणजे परत तो विषय नको.

लांबी आणि मी, आमची चादरीची जोडी होती. चादर ड्रायरमधून निघाली की दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, लांब जायचं, एक हिसका द्यायचा म्हणजे सुरकुती मरते, मग पुढे यायचं, टोकाला टोक लावायचं, परत मागे. दिवसभर हेच. इतकी वर्षं केलं की बोलावं पण लागत नाही. ती उंच, मी बुटकी, तरी आमची घडी अशी बसायची की वॉर्डातल्या नर्सबाई विचारायच्या कुणी केली.

गेल्या उन्हाळ्यात ही बया परस्पर मुकादमाकडे गेली आणि टॉवेलच्या टेबलावर बदली मागून घेतली. का, तर म्हणे माझा हिसका तिच्या खांद्याला सोसत नाही. मला एका शब्दाने नाही विचारलं. मुकादमाकडून कळलं मला. मध्ये तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, पण म्हणून काय, तोंडाचं तर झालं नव्हतं. सांगायला काय झालं होतं?

तेव्हापासून मी अबोला धरलाय. कडक. समोर आली तरी बघत नाही. तिला चांगलाच झोंबत असणार.

माझ्या जोडीला मुकादमाने नव्या बायका दिल्या. एक चादर ओढते की गोंजारते कळत नव्हतं. दुसरी रडली. मग मी भिंतीला हूक मारून घेतला. चादरीची दोन टोकं हुकात, दोन माझ्या हातात. हूक तक्रार करत नाही. माणसापेक्षा बरा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पहिली तपासणी. वरच्या मजल्यावर एक खोली आहे, तिथे जमिनीवर वजनकाट्यासारखी एक फळी. तिच्यावर उभं राहिलं की माणूस किती डुलतो ते कॉम्प्युटरवर रेघ होऊन दिसतं. दोन पायांवर माझी रेघ अगदी सरळ. मापाडी म्हणाली छान. मग एका पायावर. तेही जमलं, जवळजवळ. मग म्हणाली, आता डोळे मिटा.

खिडकी उघडी होती, वारा आला, म्हणून तोल गेला. फळी पण एका बाजूने खचलेली असावी. मापाडीने कोपराला धरलं. तिचे हात आधीपासून माझ्या दोन्ही बाजूंना होते, न टेकता, चुलीवरचं भांडं उतरवायच्या आधी धरतात तसे. पडू दिलं नाही. उगाच धरलं, मी सावरलेच असते. हात तिने थोडा वेळ तसाच ठेवला. मी तो झटकला नाही. संशोधनात आपण कशाला अडथळा आणा.

डोळे मिटले की सगळ्यांचाच तोल जातो म्हणाली. सगळ्यांचा जात असेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज चिठ्ठ्या उचलल्या. निम्म्या बायकांनी घरी एकटीने व्यायाम करायचा, निम्म्यांनी जोडीने. कशाने फरक पडतो ते बघणार आहेत. माझ्या चिठ्ठीत एकटी निघालं. मापाडी म्हणाली हे नशिबावर असतं, कुणी निवडत नाही. तसं म्हणावंच लागतं त्यांना. पण ज्याला गरज नाही त्याला जोडी कशाला देतील, एवढं मला कळतं. एकटा जीव सदाशिव.

लांबीला जोडी लागली. कँटीनवालीबरोबर. दोघी मिळून डोळे मिटून पडतील.

व्यायाम साधा आहे. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. खुर्चीतून हात न लावता उठायचं, बसायचं. एका पायावर उभं राहायचं. आणि एक दिवसाआड करायचा, मधल्या दिवशी आराम. मापाडी तीनदा म्हणाली, मावशी, आराम हा पण व्यायामच आहे, स्नायू बांधला जातो तो आरामात. मी मान डोलावली. पोरगी शिकलेली आहे, पण तिने कधी ओल्या चादरींची ट्रॉली ढकलली नाही. आरामात काय बांधलं जातं ते मला माहीत आहे. माझ्या धाकट्या दिराकडे बघून सांगते.

निश्चय: रोज करायचा. बाकीच्या आराम करतील तेव्हा मी पुढे निघून जाईन. एकटीच्या गटात पहिली आणि जोडीवाल्यांच्याही पुढे.

१७ फेब्रुवारी

केला. हा कसला व्यायाम. खुर्चीतून उठायचं-बसायचं तर जन्मभर करतेय.

१८ फेब्रुवारी

आरामाचा दिवस. केला. कालच्या दुप्पट.

१९ फेब्रुवारी

सकाळी आणि संध्याकाळी केला. खालच्या घरातली बाई विचारत होती, ठकठक कसली येते. म्हटलं, संशोधन चाललंय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पोटऱ्या दगड झाल्यात. गादी खराब आहे, त्याचं हे. जिना उतरवेना म्हणून कठड्याला धरून उलटं तोंड करून उतरले. नेमकी खालची दारात. विचारते, काय शोधताय. म्हटलं, कानातलं पडलंय. तर ती बिचारी पण चपला काढून शोधायला लागली. एकेक पायरी हाताने चाचपली. मी वर उभी राहून सांगत होते, इकडे बघा, तिकडे बघा. वाकता येत असतं तर मीही शोधलं असतं.

२१ फेब्रुवारी

खालचीने विचारलं, सापडलं का. म्हटलं, हो. म्हणाली, बघू. काही लोकांना नसत्या चौकशाच फार.

व्यायाम केला नाही. आरामाचा दिवस म्हणून नाही, उठता येत नव्हतं म्हणून.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मापाडीने सगळ्यांना एकेक डबी दिली, काडेपेटीएवढी, कमरेला लावायची. माणूस दिवसभरात किती हलतो ते डबीला कळतं. आठवडाभर काढायची नाही, आंघोळीतसुद्धा नाही, पाण्याने तिला काही होत नाही.

आता कळेल यांना काम म्हणजे काय.

डबी टोचते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत मागच्या व्हरांड्यात लांबी आणि कँटीनवाली व्यायाम करत होत्या. समोरासमोर, हातात हात, एकेका पायावर. कँटीनवाली जाडी, ती कलली की लांबी कलायची, मग दोघी खिदळायच्या. ह्याला व्यायाम म्हणत असतील तर लहान पोरं काय संशोधक आहेत. मला तिकडून ट्रॉली घेऊन जावं लागलं. कामच होतं. येताना पण त्याच बाजूने यावं लागलं. मग एक अभ्रा राहिला होता म्हणून परत.

लांबीने हाक मारली असं वाटलं. मी बघितलं नाही. अबोला म्हणजे अबोला.

मुकादम हल्ली माझ्याशी ओरडून बोलतो. चढेल झालाय.

२७ फेब्रुवारी

डबी फार टोचत होती म्हणून काल थोडा वेळ एप्रनच्या खिशात ठेवली होती. सुट्टी झाल्यावर एप्रन नेहमीसारखा धुण्याच्या ढिगात टाकला. आज सकाळी आठवलं. तोवर एप्रन मशीनमधून निघून ड्रायरमध्ये गेलेला. ड्रायर संपेपर्यंत समोर उभी राहिले. डबी निघाली, तव्यावरून काढल्यासारखी गरम. पण दिवा लुकलुकत होता. चांगल्या कंपनीची असणार.

परत कमरेला लावली. कुणाला सांगायची गरज नाही. घातली काय, धुतली काय, शेवटी माझ्याच एप्रनात होती.

३ मार्च, मंगळवार

डब्या परत दिल्या. मापाडीने माझी कॉम्प्युटरला जोडली आणि बघतच राहिली. मग चष्मेवाल्यांना बोलावलं. तेही बघत राहिले. मापाडीने हळूच विचारलं, मावशी, शुक्रवारी सकाळी तुम्ही काय करत होता. म्हटलं, काम. चष्मेवाले म्हणाले, म्हणजे कोलांट्या मारत होता का. म्हटलं, साहेब, लाँड्रीत या एकदा, कळेल.

दोघं एकमेकांकडे बघत होते. असं रीडिंग त्यांनी अजून बघितलं नव्हतं, हे चष्मेवाल्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मला आनंद झाला, पण दाखवला नाही.

शेवटी मापाडी म्हणाली, तो दिवस आम्ही बाजूला ठेवतो. चांगली गोष्ट लोक बाजूलाच काढून ठेवतात.

जाताना तिने विचारलं, आराम करता ना मधल्या दिवशी. म्हटलं, तर काय.

८ मार्च, रविवार

मुलीचा फोन. रविवारी असतो. तिने विचारलं, काय चाललंय. म्हटलं, माझ्यावर संशोधन चाललंय. म्हणाली, कसलं दुखणं निघालं. समजावून सांगेपर्यंत तिच्या दारावर कुणीतरी आलं. ठेवते म्हणाली. आमचं बोलणं थोडक्यात आणि मुद्द्याचं असतं. ती माझ्यावर गेलीय.

१२ मार्च, गुरुवार

आज वर बोलावलं होतं. शेवटची तपासणी सत्तावीसला. त्या दिवशी पाय पूर्ण थकवणार. टाच उचलेनाशी होईपर्यंत उचलायला लावणार, मग फळीवर उभं करणार, मग बसवणार, मग परत उभं करणार, आणि पाय किती वेळात सावरतात ते बघणार. म्हणून नियम असा की प्रत्येकीने घरी घेऊन जायला एक माणूस आणायचं. माणूस नसेल तर तपासणी करता येणार नाही आणि तुमचं नाव कमी करावं लागेल.

मी म्हटलं, एक कशाला, माझ्याबरोबर चार येतील. मापाडी म्हणाली, एक पुरे, मावशी. फक्त त्याचा नंबर देऊन ठेवा.

जोडीवाल्यांना काय, त्या एकमेकींचा देणार.

१५ मार्च, रविवार

मुलीला सांगितलं की सत्तावीसला ये. शुक्रवार आहे, मग दोन दिवस राहा. मी गादी पण बदलणार होते. म्हणाली, आई, बघते जमतंय का. जमेल तिला.

१८ मार्च

जमत नाही म्हणाली. रविवार नसताना फोन केला तिने, म्हणजे वाईट वाटलं असणार. जावयाचं काहीतरी आहे. म्हटलं, नको येऊस, इथे माणसांची रांग लागलीय. म्हणाली, मग बरं झालं.

२० मार्च, शुक्रवार

खालचीला विचारायला गेले. दार उघडल्या उघडल्या म्हणाली, काय, परत कानातलं पडलं. त्यावर काय विचारणार. म्हटलं, नाही, जिन्यातला दिवा गेलाय सांगायला आले. गेला नव्हता.

मुकादमाला विचारलं. ओरडून म्हणाला, शुक्रवारी ट्रक येतो. ट्रक दर शुक्रवारी येतो हे खरं आहे. पण माणूस एखाद्या शुक्रवारी ट्रकला थांब म्हणू शकतो.

हूक बरा, पण त्याला घरी नेता येत नाही.

२३ मार्च, सोमवार

मापाडी नंबर घ्यायला लाँड्रीत आली. कागद पुढे केला. मोबाइल कपाटात होता, कपाटाची किल्ली मुकादमाकडे, मुकादम ट्रकवाल्याशी भांडत होता. मला पाठ असलेला नंबर एकच आहे. तो लिहिला. मुलीचा मोबाइलमध्ये असतो म्हणून पाठ करायची वेळच आली नाही. आणि लांबीचा कुणी मुद्दाम पाठ केला नव्हता. पूर्वी रोज सकाळी फोन करून उठवावं लागायचं तिला, झोपाळू कुठली.

नंबर लिहिला म्हणजे बोलले असं होत नाही. आकडे ते आकडे.

मापाडीने विचारलं, या तुमच्या कोण. म्हटलं, कुणी नाही. तिने नात्याच्या जागी मैत्रीण लिहिलं. मी खोडायला सांगितलं नाही. तिचा कागद, ती बघून घेईल.

२६ मार्च, गुरुवार

मापाडीने सांगितलं, तुमच्या मैत्रिणीशी बोलले, येते म्हणाल्या. लांबीची स्वतःची तपासणी परवाच झाली, कँटीनवाली होती बरोबर.

मला माहीत होतं. माफी मागायला निमित्त शोधत होती ती, आयतं मिळालं. बारा महिने होत आले, माणूस किती सोसणार.

निश्चय: लगेच विरघळायचं नाही. वरच्या मजल्यावर अजिबात बोलायचं नाही. जिन्यात 'हं' एवढंच. बसस्टॉपवर तिला पूर्ण बोलू द्यायचं. रडली तर रडू द्यायचं. मग म्हणायचं, झालं ते झालं, पण मला आधी विचारायला हवं होतंस. बसमध्ये थोडं बोलायचं. घरी आली तर चहा. सोमवारपासून परत चादरी.

मुकादमाला सांगून हूक काढून टाकायला लावीन. किंवा राहू दे, ओल्या फडक्यांना होईल.

गादीला नवीन खोळ घातली. घालायचीच होती.

२७ मार्च, शुक्रवार, रात्री

लिहून टाकते.

तपासणी झाली. टाचा उचल, टाचा उचल, शेवटी उचलेनात. माझ्याच टाचा, आणि जमिनीला चिकटल्यासारख्या. मग फळी. डोळे न मिटताच तोल गेला. परत गेला. मापाडी दर वेळी धरत होती. बसले, उठले, परत तेच. ती मधूनमधून घड्याळ बघून लिहीत होती. एकदा म्हणाली, मावशी, तुम्ही मधला आराम केला नाहीत ना. मी म्हटलं, तुमच्या फळीत दोष आहे. ती म्हणाली, बरं.

लांबी बाहेर बाकावर बसून संत्रं सोलत होती. मला बघितलं, उठली, चांगल्या खांद्याच्या बाजूला घेतलं आणि हात कमरेत घातला. ठरल्याप्रमाणे मी बोलले नाही. तीच बोलत होती. कँटीनवाली डोळे मिटल्यावर घाबरून कशी तिच्या पायावर पडली. मुलगा फोनवर काय म्हणाला. टॉवेलच्या धुळीने शिंका कशा येतात. जिना संपला. फाटक आलं. बसस्टॉप आला. माफीचा पत्ता नाही. मला अर्धं संत्रं दिलं आणि म्हणाली, खा, तोंड उतरलंय तुझं.

शेवटी मीच म्हटलं, माफी मागायची असेल तर माग, मी ऐकतेय.

ती म्हणाली, कसली माफी.

मी सगळं सांगितलं. टॉवेल, मुकादम, हिसका, अबोला. तिने विचारलं, अबोला कधीपासून. म्हटलं, गेल्या उन्हाळ्यापासून. तर ती बसस्टॉपच्या बाकावर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की संत्र्याच्या फोडी खाली पडल्या. म्हणाली, बाई, तुझं तोंड बारा महिने तसंच असतं, मला कसं कळणार. मी हाका मारायचे, तू बघायची नाहीस, ड्रायरचा आवाज केवढा, मला वाटलं तुला कमी ऐकू यायला लागलं. मीच मुकादमाला सांगितलं होतं, तिच्याशी जरा मोठ्याने बोलत जा, आणि कान तपासायला पाठव तिला.

आणि टॉवेलचं म्हणाली, खांदा गेलाच होता माझा, डॉक्टरने सांगितलं होतं ओढाओढ बंद. मुकादमाला बजावलं होतं की हिसक्याचं तिला सांगू नकोस, मनाला लावून घेईल.

म्हणजे मी अबोला धरलाय हे तिला माहीतच नव्हतं. एवढी मेहनत घेतली मी.

इथे गप्प बसले असते तर चाललं असतं. मलाही थोडं हसू येत होतं. तिने डोळे पुसले, माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, ऑपरेशनला सगळ्या भेटून गेल्या, तू नाही आलीस. कँटीनवाली म्हणाली, बघ, तुझी जोडीदारीण. मी कँटीनवालीला म्हटलं, तिला कुणी सांगितलं नसणार, ऐकू कुठे येतं तिला. कळलं असतं तर पहिली आली असती.

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

तिने विचारलं, कळलं होतं. म्हटलं, हो. म्हणाली, तीनच मजले वर होते मी. म्हटलं, माहीत आहे, वॉर्डसुद्धा माहीत होता. पण अबोला होता ना.

तिने हात काढून घेतला. बस आली. मला खिडकीजवळ बसवलं, स्वतः दांडीला धरून उभी राहिली. शेजारची जागा रिकामी होती. उतरताना हात दिला. जिन्यात एकेक पायरी चढवली, माझ्या पिशवीतून किल्ली काढून दार उघडलं, खुर्चीत बसवलं, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला. सगळं नीट केलं. मी चहाचं विचारलं. मान हलवली आणि दार ओढून घेतलं.

ऑपरेशनच्या त्या आठवड्यात तिच्या वॉर्डच्या चादरी मी वेगळ्या काढत होते. ढिगातल्या सगळ्यात मऊ, ठिगळ नसलेल्या, शिवण आत येईल अशी घडी घालून. रोज. हे तिला सांगायचं बसमध्ये तोंडावर आलं होतं. पण आपल्याच तोंडाने असं कसं सांगायचं, आणि ती उभी होती, मी बसलेली, वर मान करून ओरडावं लागलं असतं.

२८ मार्च, शनिवार

पाय दुखतात. आराम केला.

लांबीचा राग एका दिवसाचा असतो. उद्या फोन करेल. नाहीतर सोमवारी आहेच.

२९ मार्च, रविवार

फोन आला, मुलीचा. विचारलं, झाली का तपासणी, कोण आलं होतं. म्हटलं, आली होती एक ओळखीची.

३० मार्च, सोमवार

पाय सावरले. मापाडी खाली येऊन आभार मानून गेली. सगळ्यांचा निकाल एकत्र करायचा असतो, एकेकीचा सांगत नाहीत, असं म्हणाली. एकटीच्या गटात आमच्या लाँड्रीतल्या किती होत्या विचारलं. बाकीच्यांनी मध्येच सोडलं, म्हणाली, शेवटपर्यंत तुम्हीच राहिलात, मावशी. म्हणजे गटात पहिली आले म्हणायचं.

दुपारी लांबी टॉवेलची ट्रॉली घेऊन माझ्या टेबलाजवळून गेली. तोंड फुगवलेलं नव्हतं, काही नाही. ओळख नसलेल्या बाईला वाट देतात तशी जरा बाजूला झाली. म्हटलं, आपण मोठेपणा घ्यावा. मी चादर सोडली आणि विचारलं, खांदा कसा आहे.

ती गेली निघून. ड्रायरच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. उद्या जवळ जाऊन विचारीन.

ड्रायर सकाळपासून बंद होता. दुरुस्तीवाला उद्या येणार आहे.